ग्राफिक्स कार्ड बदलल्यानंतर खेळताना संगणक बंद पडणे

जुन्या ग्राफिक्स कार्डाच्या जागी नवे कार्ड बसवल्यानंतर लेखन, इंटरनेट, चित्रपट पाहणे ही एरवीची कामे सुरळीत होत असूनही खेळ सुरू होताच किंवा काही मिनिटांनी संगणक गोठतो, निळा पडदा दाखवतो, आपोआप पुन्हा सुरू होतो अथवा एकदम विझतो. या बिघाडास बोलण्यात ‘क्रॅश होणे’ म्हणतात. ग्राफिक्स कार्ड म्हणजे चित्रांची आकडेमोड करणारा जीपीयू हा प्रोसेसर, त्याची स्वतःची रॅम आणि या दोहोंना योग्य दाबाची वीज पुरवणारे मंडल ज्यावर असते तो फलक, आणि तो मदरबोर्डवरील पीसीआय एक्सप्रेस या लांबट खाचेत बसतो. कार्ड बदलल्यावरच बिघाड दिसला म्हणजे दोष कार्डाचाच, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात मात्र दोष पुष्कळदा संगणकाच्या दुसऱ्याच एखाद्या भागात आधीपासून दबलेला असतो, आणि घरातल्या जुन्या कुरबुरींचे खापर नव्या सुनेवर फुटावे तसे त्याचे खापर कार्डावर फुटते.

बिघाड खेळातच का दिसतो, याचे कारण भाराच्या स्वरूपात आहे. पडद्यावर मजकूर किंवा चित्रफीत दाखवताना आधुनिक कार्ड सहसा काही थोडे वॅट वीज घेते, तर खेळात तेच कार्ड शेकडो वॅट ओढते, शिवाय त्याच वेळी मुख्य प्रोसेसर, रॅम, पंखे आणि वीजपुरवठा हे सगळे एकत्र राबतात. कार्ड अधिक वेगवान असले तर दर सेकंदाला अधिक चित्रचौकटी तयार होतात, त्या प्रत्येकीची पूर्वतयारी मुख्य प्रोसेसरला करावी लागत असल्याने त्याचेही काम वाढते, आणि जुन्या संथ कार्डाच्या काळात अर्धवट विश्रांतीत असलेला प्रोसेसर प्रथमच पूर्ण क्षमतेने चालू लागतो.

निदानाचा सर्वांत भरवशाचा पुरावा म्हणजे यंत्र नेमके कसे बंद पडले ते. दुरुस्तीच्या घाईत बहुतेक जण त्याकडेच दुर्लक्ष करतात. एखादे बटण दाबल्याप्रमाणे सारे काही क्षणात विझले, कोणताही संदेश उमटला नाही, तर संशय प्रथम वीजपुरवठ्यावर जातो. पडदा काळा झाला पण आवाज चालू राहिला, तर कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांच्यातील दुवा असलेला प्रोग्राम, कोलमडलेला असतो. फक्त खेळ बंद होऊन डेस्कटॉप दिसू लागला, तर ड्रायव्हर, रॅम, प्रोसेसर आणि तो खेळ स्वतः, असे संशयित पुष्कळ असतात. विंडोजमधील इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत याचा माग मिळतो. तीत ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद पाहून अनेकजण वीजपुरवठा निकामी झाल्याचा निष्कर्ष काढतात; वस्तुतः मागील वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता, एवढाच तिचा अर्थ असतो. ४१०१ क्रमांकाची नोंद ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवल्याचे सांगते, तर ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ या नावाने आलेल्या नोंदी प्रोसेसर किंवा पीसीआय एक्सप्रेस मार्गावरील हार्डवेअरच्या चुका दर्शवतात. यांतील ड्रायव्हरविषयक नोंदीमागे विंडोज व्हिस्टापासून असलेली टीडीआर ही पहाऱ्याची व्यवस्था आहे: जीपीयूने दिलेले काम साधारण २ सेकंदांत पुरे केले नाही, तर विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करून पाहते आणि तेही साधले नाही तर निळा पडदा दाखवून थांबते. ही मुदत विंडोजच्या रजिस्ट्री या मांडणी-नोंदींत वाढवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने लक्षण झाकले जाते, मूळ कारण तसेच राहते.

वीजपुरवठा हा या विषयाचा सर्वांत मोठा भाग आहे. संगणकाच्या वीजपुरवठा-पेटीला भारतात सर्वत्र एसएमपीएस म्हणतात. पीसीआय एक्सप्रेसच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, ६ पिनांच्या जोडणीतून आणखी ७५ आणि ८ पिनांच्या जोडणीतून १५० वॅट मिळतात. २०२२ पासून आलेली १६ पिनांची नवी जोडणी ६०० वॅटपर्यंत वाहून नेऊ शकते. २०१६ मधील जीटीएक्स १०६० हे कार्ड १२० वॅटचे होते, तर २०२० मधील आरटीएक्स ३०८० हे ३२० वॅटचे असून एनव्हिडिया कंपनीने त्यासाठी ७५० वॅटच्या एसएमपीएसची शिफारस केली होती. यावरून पहिले काढून दुसरे बसवणाऱ्याच्या जुन्या एसएमपीएसवर किती ताण येईल हे उघड आहे. शिवाय हे आकडे सरासरीचे असतात. दृश्य बदलताना कार्डाची विजेची मागणी मिलिसेकंदापेक्षाही कमी काळासाठी सरासरीच्या दुपटीपर्यंत उसळू शकते आणि ही उसळी म्हणजे लघुपरिपथ आहे असे समजून एसएमपीएसमधील संरक्षक मंडल पुरवठा तोडते. त्यामुळे एकूण बेरीज पुरेशी दिसत असतानाही संगणक विझतो. इंटेलने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या एटीएक्स ३.० या मानकात एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या २०० टक्क्यांपर्यंतची उसळी १०० मायक्रोसेकंद सोसावी अशी अट घातली गेली, ती याच अनुभवातून.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही आहे. २०१६ च्या जूनअखेर आलेले एएमडीचे आरएक्स ४८० हे कार्ड मदरबोर्डच्या खाचेतून ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वीज ओढते असे परीक्षकांच्या मोजणीत आढळले, आणि कंपनीने जुलैमध्ये नवा ड्रायव्हर देऊन तो भार खाचेवरून कमी केला. अर्थात, कार्ड निर्दोष आणि एसएमपीएसच दोषी असे दरवेळी गृहीत धरता येत नाही.

तारांची जोडणी हा भाग दिसायला किरकोळ, पण फसवा आहे. एकाच तारेला दोन टोके असलेली जोडणी कार्डाच्या दोन्ही खोबणींत घालण्याऐवजी, मोठ्या कार्डासाठी एसएमपीएसपासून स्वतंत्र दोन तारा आणणे इष्ट असते. १६ पिनांची जोडणी पूर्ण आत बसली नाही तर ती तापते. आरटीएक्स ४०९० या ४५० वॅटच्या कार्डाच्या जोडण्या वितळल्याच्या तक्रारी २०२२ च्या अखेरीस आल्या, तेव्हा अपुरी बसवलेली जोडणी हे त्यांतील एक समान कारण असल्याचे एनव्हिडियाने सांगितले. पुढे या जोडणीच्या रचनेत संवेदक पिना आखूड करण्यात आल्या, जेणेकरून ती अर्धवट बसल्यास कार्डाने वीज ओढू नये. तारा सुट्या करता येणाऱ्या एसएमपीएसच्या बाबतीत एका कंपनीच्या तारा दुसऱ्या कंपनीच्या पेटीला लावणे सर्वथा टाळावे, कारण पेटीकडील पिनांचा क्रम एकसारखा नसतो आणि अशा अदलाबदलीत कार्डासह इतर भागही जळू शकतात. एसएमपीएसची पेटी उघडण्याचा तर विचारही करू नये, कारण तिच्यातील धारित्रे वीज काढल्यानंतरही प्रभारित राहतात.

महाराष्ट्रातील घरांत याला आणखी एक कडी जोडलेली असते, ती यूपीएसची. घरगुती संगणकासोबत घेतलेला ६०० व्हीए क्षमतेचा यूपीएस प्रत्यक्षात बहुधा ३६० वॅटच पेलतो. मोठे कार्ड बसवलेला संगणक खेळात याहून अधिक वीज घेऊ लागला की वीज गेल्याच्या क्षणी, आणि कधी वीज असतानाही, यूपीएसच हार मानतो. अशा वेळी संगणकाची तार तात्पुरती थेट भिंतीवरच्या अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये घालून खेळ चालवून पाहणे ही फुकटात होणारी आणि निर्णायक चाचणी आहे.

ड्रायव्हरचा दोष मुख्यतः कार्डाची कंपनी बदलताना उद्भवतो. जुन्या ड्रायव्हरचे अवशेष नव्याच्या आड येत असल्याने विंडोज सेफ मोडमध्ये सुरू करून डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर या मोफत साधनाने ते पुसले जातात. त्या वेळी इंटरनेट तोडून ठेवावे, अन्यथा विंडोज स्वतःच्या मर्जीने दुसरा ड्रायव्हर आणून बसवते. सर्वांत नवा ड्रायव्हर सर्वांत चांगला असतोच असे नाही. एक-दोन आवृत्त्या मागे जाणे हाही उपाय ठरतो. हार्डवेअर आणि ड्रायव्हर यांची सीमारेषा किती धूसर आहे, हे सप्टेंबर २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० बाजारात येताच दिसून आले. जीपीयूची गती २ गिगाहर्ट्झच्या आसपास गेली की काही कार्डांवर खेळ बंद पडू लागले, कार्डाच्या मागील बाजूच्या धारित्रांवर संशय घेतला गेला आणि ईव्हीजीए या उत्पादकाने आपण चाचण्यांच्या टप्प्यावरच धारित्रांची रचना बदलल्याचे जाहीर केले. परंतु महिनाअखेर एनव्हिडियाने दिलेल्या ४५६.५५ या ड्रायव्हरनंतर, तेच हार्डवेअर असूनही, तक्रारी बऱ्याच ओसरल्या.

कार्डावर खोटा आळ येण्याचे अलीकडचे ठळक उदाहरण इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या वरच्या श्रेणीतील डेस्कटॉप प्रोसेसरांचे आहे. अनरियल इंजिन या खेळनिर्मितीच्या साधनावर बांधलेले अनेक खेळ ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश देऊन बंद पडत आणि वाचणाऱ्याचे बोट सहजच ग्राफिक्स कार्डाकडे जाई. दोष मात्र प्रोसेसरला मिळणाऱ्या वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेजमुळे त्याच्या अंतर्भागाची होणारी झीज हा होता. इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून बायोस या मदरबोर्डवरील मूळ आज्ञावलीमार्गे मायक्रोकोडच्या, म्हणजे प्रोसेसरच्या अंतर्गत सूचनांच्या, सुधारणा दिल्या आणि वॉरंटी २ वर्षांनी वाढवली, तरी आधी झिजलेला प्रोसेसर त्या सुधारणांनी पूर्ववत होत नाही. रॅमचेही असेच आहे. एक्सएमपी किंवा एक्स्पो या नावाची वाढीव गतीची मांडणी हलक्या कामांत टिकते आणि खेळात ढासळते, म्हणून तपासणीपुरती ती बायोसमधून बंद करणे शहाणपणाचे असते.

उरलेली कारणे थोडक्यात सांगता येतात. जड कार्ड खाचेत झुकल्याने संपर्क सुटतो. कार्ड उभे बसवण्यासाठी वापरलेली जुनी रायझर केबल चौथ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेस गतीला पुरी पडत नाही, तेव्हा बायोसमधून ती गती तिसऱ्या पिढीवर आणली की बिघाड थांबतो. हवा खेळती नसलेल्या कॅबिनेटमध्ये मोठे कार्ड इतर भागांनाही तापवते, आणि अशा वेळी केवळ जीपीयूचे सरासरी तापमान पाहून भागत नाही, त्याच्या सर्वांत तप्त बिंदूचे आणि कार्डावरील रॅमचेही पाहावे लागते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत मिळणाऱ्या वापरलेल्या कार्डांबाबत एक वेगळी दक्षता लागते. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाची कार्डांवर चालणारी ‘मायनिंग’ पद्धत संपली आणि त्या कामातली कार्डे जगभर विक्रीस निघाली. त्यांतील काहींचे व्हीबायोस, म्हणजे कार्डातील मूळ आज्ञावली, मायनिंगसाठी बदललेले असते आणि उत्पादकाचे मूळ व्हीबायोस परत घातल्याशिवाय असे कार्ड खेळात पुष्कळदा स्थिर राहत नाही.

तपासणीत एका वेळी एकच गोष्ट बदलावी, अन्यथा बिघाड थांबला तरी कशाने थांबला ते कळत नाही. कार्डाची वीजमर्यादा एखाद्या नियंत्रक प्रोग्रामने ७० ते ८० टक्क्यांवर आणल्यास क्रॅश थांबत असेल, तर वीज आणि उष्णता या दिशांचा शोध प्रथम घ्यावा. फरमार्कसारख्या चाचणीत तासभर टिकलेला संगणक खेळात विझला तर त्यात विसंगती नाही, कारण फरमार्कचा भार सलग असतो आणि विजेच्या उसळ्या भाराच्या चढउतारातून जन्मतात. मात्र कोणत्याही प्रोग्रामपेक्षा अदलाबदल अधिक बोलकी ठरते: जुने कार्ड परत बसवून तोच खेळ चालवणे आणि नवे कार्ड पुरेशा क्षमतेच्या, खात्रीच्या दुसऱ्या संगणकात घालून पाहणे. कारखान्यातील मूळ मांडणीवर, स्वच्छ ड्रायव्हरसह, त्या दुसऱ्या संगणकातही कार्ड तसेच कोलमडले तर ते सदोष समजावे, आणि त्यावर पुढे घरगुती उपाय करत न बसता बिल व अनुक्रमांक घेऊन वॉरंटीत बदलून मागावे.