फियाटचे पिवळे डोळे: हेडलाइटच्या उजेडाची गोष्ट

ज्यांना ऐकायचंय त्यांच्यासाठी हा भाग नेहमीच्या जागी आहेच. ज्यांना वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा लेखी उतारा. बोलताना पंधरा वेळा आलेलं ‘म्हणजे’ तेवढं काढून टाकलंय, बाकी आहे तसं ठेवलंय.

आजचा विषय आहे गाडीचा हेडलाइट. सुरुवात आमच्या घरापासून करतो.

आमच्याकडं किल्लारीला एक जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. कागदोपत्री पद्मिनी, गावात तिला ‘फियाट’च म्हणतात. अण्णा, म्हणजे माझे वडील, ती विकायला तयार नाहीत. गल्लीत कुणाला रात्री छातीत दुखलं, कुणाच्या सुनेला कळा सुरू झाल्या, की अण्णांची फियाट निघते. औसा ओलांडायचं, लातूर गाठायचं, आणि पहाटे परत यायचं.

गेल्या ऊसतोडीच्या हंगामात मी सुट्टीला आलो होतो. लातूरहून परत येत होतो, गाडी अण्णा चालवत होते. लामजना पाटी मागं पडली. समोरून एक ट्रक आला, त्यानं अप्पर मारला, दोन सेकंद सगळं पांढरं झालं. ट्रक गेला आणि आमच्या पिवळ्या उजेडात एकदम ऊसच दिसला. उसाची ट्रॉली रस्त्यावर उभी होती. मागं ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टरची पट्टी. अण्णांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा उसाची पाचट बॉनेटला लागत होती.

घरी येऊन मी मोबाइल काढला आणि सगळ्यात जास्त वॉटचे बल्ब शोधायला लागलो. १००/९० वॉट. ‘दुप्पट उजेड’ असं लिहिलेलं होतं. सकाळी आमच्या गाडीचं इलेक्ट्रिकल काम करणाऱ्या मामांना दाखवलं. ते म्हणाले, “बल्ब कशाला बदलायलास? आधी वायर बघ की.”

मी बीटेक केलंय, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, आणि हे मला सुचलं नव्हतं. मग मी या विषयाचा इतिहास वाचत बसलो. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. माणसाला जास्त उजेड हवा असतो तेव्हा तो दिव्याकडं बघतो. फरक मात्र बऱ्याच वेळा दिव्याच्या मागं आणि पुढं पडलेला असतो. मागं म्हणजे त्याला वीज पोचते कशी, आणि पुढं म्हणजे उजेड पडतो कुठं.

कार्बाईडपासून डायनामोपर्यंत

आधी रस्त्यावर बैलगाडी होती आणि गाडीखाली लटकवलेला कंदील होता. त्या कंदिलाचं काम रस्ता दाखवणं नव्हतंच. रस्ता बैलांना पाठ असायचा. कंदील दुसऱ्याला सांगायला होता की इथं गाडी आहे. दिव्याची ही दोन कामं लक्षात ठेवा, आपल्याला दिसणं आणि आपण दिसणं. आपण पुढं यावर येणार आहोत.

मोटार आली आणि वेग वाढला, मग कंदील पुरेना. सुरुवातीच्या मोटारींना अॅसिटिलिनचे दिवे असायचे. कॅल्शियम कार्बाईडच्या खड्यांवर थेंब थेंब पाणी सोडायचं, त्यातून गॅस निघतो, तो पेटवायचा. हो, तेच कार्बाईड, ज्यानं आंबे पिकवायला आता बंदी आहे. उजेड चांगला पांढरा पडायचा. पण प्रत्येक वेळी खाली उतरून काडी लावायची, खडे बदलायचे, उरलेला चुना साफ करायचा.

विजेचा हेडलाइट १८९८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीच्या इलेक्ट्रिक मोटारीवर आला, पण लगेच चालला नाही. कारण काय? बल्ब होता, पण धक्क्यांनी फिलामेंट तुटायची, आणि गाडी चालू असताना पुरेशी वीज तयार करणारा लहान डायनामो नव्हता. १९१२ साली कॅडिलॅकनं सेल्फ स्टार्टर, डायनामो, बॅटरी आणि दिवे अशी सगळी विजेची व्यवस्था एकत्र दिली. त्यानंतर कार्बाईडचे दिवस भरले. म्हणजे दिवा आधी आला, आणि त्याला पोसणारी व्यवस्था आली तेव्हा तो रुजला.

आपल्या भागात तेव्हा निजामाचं राज्य होतं. किल्लारी हैदराबाद संस्थानातल्या उस्मानाबाद जिल्ह्यात. १९३२ साली निजामाच्या रेल्वे खात्यानं २७ बस आणि १६६ कर्मचारी घेऊन सरकारी बससेवा सुरू केली. मोटारीचा दिवा आणि बैलगाडीचा कंदील एकाच रस्त्यावर आले, आणि एकाला दिसावं म्हणून दुसऱ्याचे डोळे दिपायला लागले.

डिपरचा शोध

यावर उपाय म्हणजे डिपर. १९२४ साली जर्मनीच्या ओसराम कंपनीनं बायलक्स नावाचा बल्ब आणला. एकाच काचेत दोन फिलामेंट. एक अप्परची, एक डिपरची. डिपरच्या फिलामेंटखाली एक छोटी धातूची वाटी. ती वाटी खाली जाणारा उजेड अडवते, त्यामुळं डूमच्या फक्त वरच्या भागावर उजेड पडतो आणि तिथून परावर्तित होऊन रस्त्यावर खाली येतो. इतकी साधी युक्ती! आज तुमच्या गाडीत साधा हॅलोजन असेल तर काच निरखून बघा, ती वाटी अजून तिथं आहे.

१९५७ साली युरोपात आणखी एक सुधारणा मान्य झाली. डिपरचा उजेड दोन्ही बाजूंना सारखा न ठेवता कडेच्या बाजूला थोडा वर उचलायचा. आपल्याकडं वाहनं डावीकडून चालतात, म्हणून डावी बाजू वर. रस्त्याच्या कडेनं चाललेला माणूस दिसतो, समोरच्याचे डोळे वाचतात. आता समजा आपण त्या डूममध्ये वेगळ्याच आकाराचा बल्ब कोंबला. डूम घडवलाय तो फिलामेंट एका नेमक्या जागी असणार हे धरून. एखाद-दोन मिलिमीटर जागा चुकली तरी उजेड विस्कटतो. हॅलोजनसाठी केलेल्या डूममध्ये स्वस्त एलईडी बसवली की हेच होतं. जवळची जमीन झगझगीत दिसते, आपल्याला वाटतं काय भारी उजेड आहे, आणि लांबचा रस्ता पहिल्यापेक्षा काळा झालेला असतो. समोरून येणाऱ्याचं तर विचारूच नका.

आपल्याकडं यावर एक देशी उपाय होता. जुन्या अॅम्बेसेडर, फियाट, ट्रक यांच्या हेडलाइटवर काळा रंग आठवतो का? १९७१ च्या युद्धात ब्लॅकआऊट होता तेव्हा मुंबईत दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा करायचे. युद्ध संपलं, तरी दिवे दिपू नयेत म्हणून काळा ठिपका किंवा पट्टा पुढं कितीतरी वर्षं दिसायचा. डोळ्याला काजळ घातल्यासारखा. दिव्याचा कोन नीट लावण्याऐवजी दिवाच थोडा झाकायचा, असा तो मामला.

कुर्ल्याची फियाट आणि हॅलोजन

आता आमच्या गाडीकडं येऊ. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना मुंबईत कुर्ल्याला. पुढं फियाटशी करार झाला. १९६४ पासून फियाट अकराशे-डी, मग प्रेसिडेंट, मग सत्तरच्या दशकात पद्मिनी हे नाव. इटलीत जुनी झालेली गाडी आपल्याकडं विसावं शतक संपेपर्यंत निघत राहिली.

याच काळात जगात दिवा बदलला. साध्या बल्बची अडचण अशी की तापलेल्या फिलामेंटमधून टंगस्टन उडतं आणि काचेवर बसतं. बल्ब आतून काळा पडतो, फिलामेंट बारीक होत जाते. हॅलोजन बल्बमध्ये आयोडीन किंवा ब्रोमिन असतं. ते उडालेलं टंगस्टन पकडतं आणि फिलामेंटजवळच्या प्रचंड उष्णतेत पुन्हा सोडतं. त्यामुळं फिलामेंट जास्त तापवता येते आणि काच स्वच्छ राहते. १९६२ साली युरोपात पहिला हॅलोजन हेडलाइट आला, आणि १९७१ साली अप्पर-डिपर एकत्र असलेला एच-४, ६०/५५ वॉटचा. जुना बल्ब ४५/४० वॉटचा. तुम्ही म्हणाल, पंधरा वॉटनं काय होतंय? पण हॅलोजन त्याच वॉटमध्येही जास्त उजेड देतो.

मग आमच्या अण्णांच्या गाडीत तर हॅलोजन आधीच होता! जुन्या होल्डरमध्ये बसणारा ६०/५५ मिळतो, तो त्यांनी कधीच बसवलेला. तरी उजेड पिवळा. का?

मामांनी मीटर लावला. इंजिन चालू, बॅटरीवर १३.८ व्होल्ट. मग हेडलाइट लावून बल्बच्या होल्डरवर मोजलं, तर ११.१.

मधले २.७ व्होल्ट कुठं गेले? वीज बॅटरीपासून डॅशबोर्डच्या स्विचपर्यंत येते, तिथून डिपरच्या दांडीत, तिथून परत पुढं बल्बकडं. बारीक वायर, चाळीसेक वर्षांचे काळे पडलेले पॉइंट, गंजलेलं अर्थिंग. सगळीकडं थोडं थोडं सांडतं. पाझर फुटलेल्या कॅनॉलसारखं, धरणात पाणी आहे पण शेवटच्या शेतात पोचत नाही.

आणि बल्बचं गणित क्रूर असतं. उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घातानं बदलतो. म्हणजे व्होल्टेज वीस टक्के कमी झालं तर उजेड वीस टक्के नाही, निम्म्याहूनही जास्त कमी होतो. आमच्या गाडीत नेमकं हेच झालं होतं. त्यात मी १००/९० टाकला असता तर? दोन बल्बना मिळून दहाऐवजी सोळा-सतरा अॅम्पियर लागले असते, त्याच बारीक वायरीतून. व्होल्टेज आणखी पडलं असतं, स्विच वितळला असता, वायर पेटायची भीती वेगळीच. वर एवढ्या वॉटचा बल्ब रस्त्यावर वापरणं नियमातही बसत नाही.

अण्णांनी सांगितलेली रात्र

मामा वायर सोडत होते, अण्णा शेजारी खुर्चीवर बसले होते. पिवळ्या उजेडाचं बोलणं निघालं आणि अण्णा एकदम ३० सप्टेंबर १९९३ बद्दल बोलायला लागले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती, वर माळवदाचं वजन. हजारो माणसं झोपेत गेली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं नव्यानं वसवावी लागली, आमचं आजचं किल्लारी त्यातलंच. माझा जन्म त्यानंतरचा.

अण्णा सांगत होते, वीज गेलेली, वर धूळ अशी की हात दिसेना. कुणीतरी जीप आणली आणि दिवे ढिगाऱ्याकडं वळवले. त्या उजेडात हातांनी दगड उचलायला लागले. थोड्या वेळानं दिवे पिवळे पडायला लागले. जुन्या जीपला डायनामो होता. डायनामो मंद गतीला पुरेशी वीज देत नाही, मग दिवे बॅटरी खातात. “मग एक पोरगा आत बसवला,” अण्णा म्हणाले, “त्याला सांगितलं, अॅक्सिलेटरवरचा पाय उजाडेपर्यंत काढायचा नाही.”

हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. अण्णा गाडी का विकत नाहीत आणि रात्री कुणी हाक मारली की चावी का उचलतात, हे मी त्यांना नंतर विचारलं नाही.

मग आम्ही काय केलं

दोन रिले बसवले, एक अप्परला, एक डिपरला. रिले म्हणजे गडीमाणूस समजा. डॅशबोर्डचा जुना स्विच फक्त हुकूम देतो, त्याला अगदी थोडा करंट पुरतो. खरा भार रिले उचलतो, बॅटरीपासून जाड वायरीनं आणि मध्ये फ्युज घालून थेट बल्बपर्यंत. अर्थिंगची जागा घासून नवी वायर दिली. बल्ब तोच साधा ६०/५५, फक्त नवा. तो बसवताना मामांनी कापड वापरलं, कारण हॅलोजनच्या काचेला बोटाचं तेल लागलं की तिथं ती जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. डूम बघितले, एकाचा मुलामा उडाला होता, तो बदलला. परत मोजलं: १३.४ व्होल्ट.

रात्री शाळेच्या भिंतीसमोर पंचवीस फुटांवर गाडी उभी करून कोन लावला. दिव्याच्या मध्याच्या उंचीवर खडूनं रेघ मारली आणि डिपरच्या उजेडाची वरची कड तिच्या तीनेक इंच खाली आणली. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये १०६ वा नियम याबद्दलच आहे. आठ मीटरवरच्या, दीड मीटर उंचीवरच्या डोळ्याला दिवा दिपवता कामा नये. दीड मीटर म्हणजे जवळपास उभ्या माणसाचा डोळा. सायकलवरून शेताकडं निघालेला, दारं धरायला चाललेला माणूस.

आणि तरीही एक हिशेब सांगतो, तो मी अण्णांनाही सांगितला. ताशी ६० ला गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरच्या वर जाते. मेंदूला कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, २५ मीटर गेले. मग थांबायला आणखी वीस-पंचवीस. डिपरचा कामाचा उजेड साधारण तेवढाच पुरतो. म्हणजे चांगल्या दिव्यानंसुद्धा डिपरवर साठच्या पुढं गेलो तर आपण न दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी चालवत असतो.

आता ती कंदिलाची दोन कामं. आपल्याला दिसायचं काम आम्ही केलं. दुसरं राहिलं होतं, ते उसाच्या ट्रॉलीचं. मी जाताना लातूरहून लाल रिफ्लेक्टर पट्टीचे रोल आणून ठेवले. अण्णा आता रस्त्यात ट्रॉली उभी दिसली की गाडी बाजूला घेतात आणि स्वतः पट्टी चिकटवतात. ट्रॅक्टरवाले आधी बघत राहतात, मग चहा पाजतात.

तर मंडळी, तुमच्याही घरी जुनी गाडी असेल आणि उजेड कमी वाटत असेल, तर बल्ब मागवायच्या आधी कुणाकडून तरी होल्डरवरचं व्होल्टेज मोजून घ्या. किती निघालं ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात. रात्रीचं निघणार असाल तर निघायच्या आधी काच पुसा आणि हळू जा.