लवणासुराच्या बहिणी

बल्लाळदेवीच्या आमच्या अमडापुरात कादंबरी मागणारा वाचक सहसा ठरावीक वाटेने येतो. आधी ऐतिहासिक, मग कौटुंबिक, मग एखादी रहस्यकथा. अलीकडे मात्र एक निराळा वाचक भेटू लागला आहे, आणि तो बहुधा वाचिका असते. पडद्यावर तिने याने पाहिलेली असतात, परग्रह पाहिलेले असतात. आता तिला ते वाचायचे असते. "काका, यान बी पाह्यजे अन् प्रेम बी पाह्यजे. अशी चांगली कादंबरी मराठीत कोन्ती?" असे ती विचारते.

प्रश्न एका ओळीचा आहे. उत्तर द्यायला मात्र सव्वाशे वर्षांची वाट चालावी लागते. दिवाळीच्या फराळाला बसल्या बसल्या ती चालून पाहण्यासारखी आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आरंभ घरापासूनच करू. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवर कोणाला ठाऊक नाही? काळ्या कातळात पडलेला तो सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा वाटोळा खड्डा. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. तो ज्वालामुखीचा की उल्केचा, हा वाद पुढे दीडशे वर्षे चालला. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने तो उल्कापाताचाच असल्याचे दाखवून दिले. ही झाली विज्ञानाची कथा. पण त्याच खड्ड्याची एक दुसरी कथा लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. तेथे जमिनीखाली लवणासुर राहत असे. त्याचा ठावठिकाणा लागेना, तेव्हा विष्णूने देखण्या तरुणाचे रूप घेतले. असुराच्या दोन्ही बहिणी त्याच्यावर भाळल्या आणि भावाचे घर कोठे आहे ते त्यांनी सांगून टाकले. देवाने पायाच्या अंगठ्याने विवरावरचे झाकण उडवले आणि असुराचा वध केला. लोणारचे दैत्यसूदनाचे मंदिर त्याची साक्ष देत उभे आहे.

आकाशातून पडलेला दगड आणि दोघींचे प्रेम, एकाच खड्ड्याच्या काठावर! विज्ञान आणि प्रीती यांची गाठ आपल्याकडे नवी नाही, एवढेच मला सांगायचे आहे. पुराणातली रेवतीची गोष्ट तर याहूनही नवलाची. राजा ककुद्मी लेकीसाठी वर विचारायला तिला घेऊन ब्रह्मलोकी गेला. तेथे गायन चालले होते, म्हणून घटकाभर थांबला. तेवढ्यात पृथ्वीवर कितीतरी युगे उलटली आणि त्याने मनात योजलेले सारे वर केव्हाच काळाच्या पोटात गेले. रेवती शेवटी बलरामाला दिली. वेगवेगळ्या ठिकाणी काळ वेगवेगळ्या गतीने चालतो, हे आइनस्टाइनने गणिताने मांडले. १९७१ साली अणुघड्याळे विमानांतून पृथ्वीभोवती फिरवून त्याचा पडताळाही घेण्यात आला. आमच्या आज्यांनी मात्र ती कल्पना मुलीच्या लग्नाच्या गोष्टीत केव्हाच गुंफून ठेवली होती.

आता छापील मराठीकडे वळू. कोचीहून १८८६ साली निघालेल्या 'केरळकोकिळ' या मासिकात १९०० साली 'चंद्रलोकची सफर' छापून येऊ लागली. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासावरून ती घेतलेली होती. व्हर्नच्या त्या कथेत तोफगोळ्यात बसून चंद्राकडे निघतात तीन पुरुष. सोबत कुत्री आहेत, कोंबड्या आहेत. बाई मात्र नाही! आमच्या विज्ञानकथेला पहिले बाळकडू मिळाले ते असे.

पण दुसरे पाऊल किती वेगळे पडले पाहा. १९१५ च्या सुमारास श्री. बा. रानडे यांनी 'तारेचे हास्य' लिहिले. मराठीतली पहिली स्वतंत्र विज्ञानकथा म्हणून अभ्यासक तिच्याकडे बोट दाखवतात. हे रानडे म्हणजे पुढे रविकिरण मंडळात गाजलेले कवी. त्यांच्या पत्नी मनोरमाबाई याही कवयित्री, त्याच मंडळातल्या. दोघांच्या कविता 'श्रीमनोरमा' या एकाच संग्रहात शेजारी शेजारी नांदल्या. म्हणजे मराठी विज्ञानकथेचा पाळणा हलला तो एका प्रेमळ कविदांपत्याच्या घरी. असे असूनही प्रीती आणि विज्ञान यांची पुढे ताटातूट का व्हावी?

याची कारणे मला तीन दिसतात.

पहिले म्हणजे, विज्ञानकथा बराच काळ मुलांची मानली गेली. भा. रा. भागवतांनी व्हर्नच्या कादंबऱ्या रसाळ मराठीत आणून दोन पिढ्यांवर उपकार केले. पण ती पुस्तके शाळेच्या बक्षीससमारंभात वाटायची. तेथे प्रेमाला दाराबाहेरच चपला काढून उभे राहावे लागे. मोठ्यांसाठी अनंत अंतरकरांच्या 'नवल'ने अद्भुताचे दालन उघडले आणि नारायण धारपांनी भयकथांबरोबर विज्ञानकादंबऱ्याही लिहिल्या. पण तेथे भीती आणि कुतूहल यांचाच मान मोठा.

दुसरे कारण मोठे सन्माननीय आहे. १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. विज्ञान मराठीतून घरोघर न्यावे, हा तिचा ध्यास. तिच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ साली 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ते होते डॉ. जयंत विष्णु नारळीकर. आपली आद्याक्षरे उलटी करून त्यांनी ते नाव घेतले होते; आपल्या मोठ्या नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये, एवढाच हेतू. अक्षरावरून कोणी ओळखू नये म्हणून ती कथा त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी स्वतःच्या हाताने उतरून काढली होती. मंगलाताई स्वतः गणितज्ञ. मराठी विज्ञानकथेतला प्रेमाचा एक सुंदर प्रसंग मला विचाराल, तर तो छापील कथेत नाही; तो त्या हस्तलिखिताच्या अक्षरात आहे.

१९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवतांनी नारळीकरांच्या कथेची दखल घेतली आणि विज्ञानकथेला ओसरीवरून माजघरात जागा मिळाली. पुढे बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे अशी लिहिणाऱ्यांची फळी उभी राहिली. २०२१ साली नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे गेले. २०२३ साली मंगलाताई गेल्या. २०२५ साली नारळीकरही गेले.

या मंडळींचे ऋण थोर आहे, पण त्यांच्या खांद्यावर शिकवण्याचे ओझेही होते. वाचकाला कृष्णविवर म्हणजे काय हे कळले पाहिजे, हा पहिला हट्ट. त्यामुळे पुष्कळ सामान्य कथांत नायिकेला एकच काम उरले: "म्हणजे काय हो, सर?" असे विचारणे. मग सरांनी दीड पान बोलायचे. बिचारीने प्रेम करावे तरी केव्हा?

तिसरे कारण जागेचे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक १९०९ साली काढला, तेव्हापासून आपली सणाची वाचनाची थाळी तीच आहे. विज्ञानकथा वाढली ती मुख्यतः मासिकांत, स्पर्धांत आणि अशा अंकांत, म्हणजे लघुकथेच्या आकारात. शोध सांगायला दहा पाने पुरतात. दोन माणसांचे मन जुळायला, विटायला आणि पुन्हा जुळायला कादंबरीच लागते.

परदेशातही हे एका दिवसात झाले नाही. मेरी शेलीच्या १८१८ च्या 'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये तो घडवलेला जीव आपल्या कर्त्याकडे काय मागतो? राज्य नाही, सूड नाही. आधी एक जोडीदारीण मागतो. वेल्सच्या १८९५ च्या 'टाइम मशीन'मधला प्रवासी भविष्यातून परततो, तेव्हा वीनाने दिलेली दोन कोमेजलेली फुले त्याच्या खिशात असतात. पोलंडच्या लेमने १९६१ साली 'सोलारिस' लिहिली. तिथे परग्रहावरचा विचित्र समुद्र नायकाची मृत पत्नी पुन्हा त्याच्यासमोर उभी करतो. अमेरिकन लेखिका लोइस मॅकमास्टर बुजोल्ड यांच्या १९८६ च्या 'शार्ड्‌स ऑफ ऑनर'मध्ये परग्रहावर अडकलेले दोन शत्रुपक्षांचे सेनानी एकमेकांना पारखत जवळ येतात; दोघेही वयाने आणि बुद्धीने पोक्त. ऑड्री निफेनेगर यांच्या २००३ च्या 'द टाइम ट्रॅव्हलर्स वाइफ'मध्ये नवऱ्याला काळातून आपोआप भरकटण्याची व्याधी आहे आणि बायको वाट पाहते. वाट पाहणे म्हणजे काय, हे विरहिणी गाणाऱ्या महाराष्ट्राला वेगळे शिकवावे लागत नाही.

तेव्हा नव्या वाचिकेने पुस्तक पारखावे कसे? मी दोन कसोट्या सांगतो. एक, गोष्टीतले विज्ञान मनातल्या मनात काढून टाकावे. तरीही प्रेमकथा जशीच्या तशी उरली, तर ते विज्ञान केवळ लग्नमंडपाची झालर समजावे. निफेनेगरबाईंच्या कादंबरीतून ती व्याधी काढा, गोष्टच उरत नाही. दोन, नायिकेला नायकाच्या भाषणाखेरीज दुसरे काही काम आहे काय, ते पाहावे. या दोन चाळण्यांतून जे उरेल ते खुशाल घरी न्यावे; वेष्टनावरच्या चित्राकडे पाहू नये.

आणि आरंभ कोठून करावा? मराठीपुरते बोलायचे तर 'प्रेमकादंबरी' अशी पाटी शोधत बसू नये. नारळीकरांच्या 'यक्षांची देणगी'पासून सुरुवात करावी, मग त्यांची 'प्रेषित', मग लोंढे आणि चिंतामणी देशमुख यांची 'देवांसि जिवे मारिले'. येथे विज्ञानाच्या भाषेची सवय होते. त्यानंतर जुने दिवाळी अंक उघडावेत. आपल्याला हवी ती हळवी, ओली गोष्ट पुष्कळदा तेथेच, कोणाचे लक्ष नसताना, एखाद्या अनुक्रमणिकेच्या तळाशी बसलेली असते. ती संग्रहात आलेली असतेच असे नाही.

म्हणूनच या गोष्टीची मला काळजी वाटते. आपल्याकडे दिवाळी अंकाचे आयुष्य तुळशीच्या लग्नापासून फार तर होळीपर्यंत. नंतर तो रद्दीच्या तराजूत जातो. कादंबरी रद्दीत गेली तरी तिची दुसरी प्रत कोठेतरी उरते. अंकातली एकटी कथा गेली की गेलीच. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, गावोगावी वाचनालये आली, पण अंक बांधून ठेवायला कपाटात जागा नसते. नव्या वाचिकेला आपण हात हलवत परत पाठवले, तर ती वाचणे सोडणार नाही, मराठी वाचणे सोडील. आणि आजची वाचिका गेली की उद्याची लेखिकाही गेली.

घराघरांतून हे करता येण्यासारखे आहे: यंदाचे अंक वाचून झाले की त्यातली एक विज्ञानकथा, जिच्यात कोणीतरी कोणाची तरी वाट पाहत आहे, तिच्यावर खूण करावी आणि तो अंक गावच्या वाचनालयात नेऊन द्यावा. कपाट भरले तर भरू द्यावे.

लोणारच्या कथेकडे पाहिले की मला नेहमी वाटते, देवाने झाकण उडवले, असुर मेला, पण त्या दोन बहिणींचे पुढे काय झाले? विवराचा पत्ता मिळेपर्यंतच त्यांच्या प्रेमाची गरज होती. नंतर त्यांची विचारपूस फारशी कोणी केली नाही. आपल्या विज्ञानकथेनेही प्रेमाला बहुतेक वेळा असेच वागवले. उल्केने पाडलेल्या त्या खड्ड्याच्या काठावर भाऊही गमावलेल्या आणि प्रियकरही गमावलेल्या दोघी बसल्या आहेत. त्यांची कादंबरी अजून लिहायची आहे. बुलढाण्याच्या एखाद्या लेकीने ती लिहिली, तर तिची पहिली प्रत आमच्या अमडापूरला यावी.