मंत्रखेळाचा सूत्रधार

मेजाभोवतीं चारपांच जणांनीं बसावें, कोणी मांत्रिकाची तर कोणी योद्ध्याची भूमिका घ्यावी, सूत्रधारानें प्रसंग रचावा आणि संशयाच्या जागीं फांशानें कौल द्यावा, असा एक खेळ हल्लीं तरुणांत आवडीचा झाला आहे. त्याचें मूळ शोधूं गेल्यास तें युद्धशाळेंत सांपडतें. इ. स. १८२४ मध्यें प्रशियाचा लेफ्टनंट राइस्विट्झ यानें आपल्या पित्याचा युद्धखेळ सुधारून नकाशा, फांसे व पंच यांच्या साह्यानें तो लष्करी अधिकाऱ्यांसाठीं सिद्ध केला. १८७६ मध्यें व्हर्डी द्यु व्हर्न्वा यानें कोष्टकांहून पंचाच्या अनुभवास अधिक मान दिला. युद्धखेळांच्या याच परंपरेंतून १९७४ सालीं अमेरिकेंत गायगॅक्स व आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ निघाला. त्याची पहिली आवृत्ति अवघ्या १००० प्रतींची होती.

त्यांतील मंत्राचा मूळ नियम मननीय आहे. जॅक व्हान्स या कथाकाराच्या कल्पनेवरून घेतलेल्या या नियमाप्रमाणें मांत्रिकानें मंत्र पाठ करावयाचा. एकदां उच्चारला कीं तो स्मृतींतून नाहींसा होई. मंत्रास मर्यादा नसेल तर खेळावयाचें काय उरलें?

असा प्रसंग कोणी नंदुरबार जिल्ह्यांतील कोरीट गांवाच्या परिसरांत रचूं म्हणेल, तर त्यास आणखी एक मर्यादा पाळावी लागेल. कारण सातपुड्याच्या या प्रदेशांत मंत्रतंत्र ही केवळ कल्पनेची वस्तु राहिलेली नाहीं. भगतानें नांव घ्यावें आणि निरपराध बाईनें ‘डाकीण’ म्हणून मार खावा, असें येथें घडलें आहे. मेवाड संस्थानानें १८५३ सालीं या प्रथेस बंदी केली. महाराष्ट्रांत मात्र जादूटोणाविरोधी कायदा २०१३ सालीं झाला. करणी करते, जनावरांचें दूध आटविते, असा आळ घालून कोणास छळणें हा त्या कायद्यानें गुन्हा आहे.

सूत्रधार आणि भगत दोघेही अदृश्याविषयीं निर्णय देतात. परंतु सूत्रधाराचा शब्द खेळणारांनीं आपखुषीनें मान्य केलेला असतो. भगताचा शब्द जिच्यावर कोसळतो तिला कोणीं विचारलेलें नसतें. म्हणून कोरीटच्या प्रसंगांत गाईंचें दूध आटावें, गांवानें एका विधवेकडे बोट दाखवावें, आणि खेळणारांनीं दिवस मावळण्यापूर्वीं खरें कारण शोधावें. मंत्र, भुतें, वेताळ यांस तेथें खुशाल जागा असो. पण त्या बाईस डाकीण ठरविण्याचा अधिकार सूत्रधारानें फांशास देऊं नये.