एका घटकाचा ॲरे : ‘सी’ भाषेतील जुन्या पळवाटेचा इतिहास

१/ १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी ‘सी’ ही संगणकीय भाषा घडवली. तेव्हा मेमरी तुटपुंजी होती, बाइट न् बाइट मोलाचा होता. त्या काटकसरीच्या काळात रुळलेल्या एका पळवाटेची किंमत पुढील पिढ्यांना मोजावी लागली.

२/ ‘सी’मध्ये परस्परसंबंधित माहिती ‘स्ट्रक्चर’ नामक एका गठ्ठ्यात ठेवतात. त्याचा आकार आधीच ठरलेला असावा लागे. परंतु नेटवर्कवरून येणारा संदेश कधी १० बाइटांचा असतो, तर कधी १००० बाइटांचा. मग जागा किती राखावी?

३/ प्रोग्रामरांनी युक्ती काढली : स्ट्रक्चरच्या अखेरीस एकाच घटकाचा ॲरे घोषित करावा, मेमरी मात्र हवी तेवढी मागून घ्यावी. घोषणा एकाची, वापर हजाराचा! ‘स्ट्रक्ट हॅक’ या नावाने ती प्रसिद्ध झाली. ‘जीसीसी’ या कंपायलरने तर शून्य घटकांच्या ॲरेचीही मुभा दिली.

४/ १९९९ च्या ‘सी’ प्रमाणकाने अधिकृत मार्ग दिला. ॲरेचा चौकटी कंस रिकामा ठेवायचा. म्हणजे ‘लांबी येथे ठरलेली नाही’ ही उघड कबुली. तरीही जुना कोड बहुतांशी तसाच राहिला.

५/ खरी हानी इथेच झाली. अखेरचा ॲरे खरोखर १६ घटकांचा आहे की ती पळवाट आहे, हे कंपायलरला ओळखता येईना. जुना कोड मोडू नये म्हणून अखेरचा प्रत्येक ॲरे अमर्याद मानला गेला. ज्याने १६ लिहून १६ च वापरायचे ठरवले होते, त्याचेही संरक्षण गेले.

६/ मर्यादेबाहेर लिहिले की शेजारची मेमरी बिघडते आणि हल्लेखोराला वाट मिळते. १९८८ च्या मॉरिस वर्ममागे ही युक्ती नव्हती. पण ५१२ बाइटांच्या जागेत अधिक मजकूर कोंबणे, हा त्याच्या प्रसाराचा एक मार्ग होता.

७/ लिनक्स कर्नलमध्ये केस कुक, गुस्तावो सिल्वा आदींनी असे जुने ॲरे एकेक करून बदलले. अखेर २०२३ मध्ये, ६.५ या आवृत्तीपासून, कर्नलसाठी कडक नियम लागू झाला : कंस रिकामा असेल तरच लांबी अनिश्चित.

८/ एक दुवा उरला होता. घटकांची संख्या बहुधा त्याच स्ट्रक्चरमध्ये नोंदलेली असते. ती कोणत्या ॲरेची, हे कंपायलरला सांगता येत नव्हते. ‘काउंटेड बाय’ या खुणेने ते साधले. २०२४ मध्ये ‘क्लँग’ने आणि २०२५ मध्ये ‘जीसीसी’ने ती स्वीकारली. आता प्रोग्राम चालू असतानाही मर्यादा तपासता येते; मात्र संख्या आधी भरून मगच ॲरेला हात लावण्याची शिस्त पाळावी लागते.

९/ संख्या बहुतेक वेळा शेजारीच लिहिलेली होती. ती कोणाची, हे सांगण्याची सोय व्हायला अर्धशतक लागले.