८४१ मतं आणि त्यांची बातमी

'प्रायमरी' हा शब्द आपल्याकडे रुजला नाही. काँग्रेसने २०१४ च्या लोकसभेआधी मोजक्या मतदारसंघांत कार्यकर्त्यांच्या मतदानातून उमेदवार ठरवून पाहिले. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर त्यात होते. वर्ध्यातून सागर मेघे आले, लातुरातून दत्तात्रय बनसोडे. दोघेही पुढे लोकसभेला पडले आणि ती गोष्ट तिथेच मागे पडली. पण एकाच घरातल्या दोन दावेदारांपैकी एकाला निवडायचं, हे प्रायमरीचं मर्म धरलं, तर २०२४ साली महाराष्ट्रात अशा लढती कितीतरी झाल्या. शिवसेना विरुद्ध शिवसेना! आपल्या देऊळघाटचा मतदारसंघ म्हणजे बुलढाणा, त्यातलाच एक.

२३ नोव्हेंबर २०२४ ला शिंदे यांच्या शिवसेनेचे संजय गायकवाड ९१,६६० मतांनी निवडून आले. ठाकरे गटाच्या जयश्री शेळके यांना ९०,८१९. फरक ८४१. म्हणजे ४२१ माणसांनी दुसरं बटण दाबलं असतं, तर निकाल उलटा होता.

आता अशा दिवशी बातमी कशी येते ते बघा. 'आघाडी घेतली', 'पिछाडीवर गेले', 'जोरदार मुसंडी'. ऐकणाऱ्याला वाटतं, तिकडे कुणीतरी धावतंय. वास्तविक मतदान तीन दिवसांपूर्वी, २० तारखेलाच संपलेलं. यंत्रं बंद, सीलबंद. त्या दिवशी फक्त मोजायचं काम चाललेलं असतं, आणि मोजणीला क्रम असतो. साधारणपणे चौदा टेबलं, पहिल्या फेरीत पहिली चौदा केंद्रं, दुसऱ्या फेरीत पुढची चौदा. केंद्रांचे क्रमांक गावांच्या शेजारानुसार लागलेले. एखाद्या उमेदवाराचा पट्टा यादीत आधी आला की तो सकाळी 'पुढे' असतो. बुलढाण्यात एकीकडे शहर, एकीकडे मोताळ्याची गावं. यादी उलटीकडून वाचली असती तर दिवसभराची कहाणी निराळी झाली असती, निकाल मात्र तोच. हे वार्ताहरांना ठाऊक नसतं असं नाही. पण 'यादी अजून अर्धीच वाचून झाली' ही काय ब्रेकिंग न्यूज आहे?

त्याच वर्षी ४ जूनला मुंबई वायव्यमध्ये तर कहरच झाला. तिथेही दोन्ही शिवसेनाच. यंत्रांवरच्या मतांत अमोल कीर्तिकर ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकर ४,५१,०९४. एक मत! टपाली मतं वायकरांना १,५५०, कीर्तिकरांना १,५०१. वायकर ४८ मतांनी जिंकले, पण तोवर कीर्तिकर विजयी झाल्याची बातमी फिरून आली होती. पुढे 'मिड-डे'ने मोबाइलवरच्या ओटीपीने मतदान यंत्र उघडता येतं अशा अर्थाची बातमी पहिल्या पानावर छापली. यंत्राला ओटीपी लागतच नाही, असं निवडणूक अधिकाऱ्यांनी जाहीरपणे सांगितलं, आणि पत्राला माफी छापावी लागली. फरक इतका बारीक असला की लोकांना कारण हवं असतं. मग मिळेल ते कारण छापलं जातं.

खऱ्या प्रायमरीच्या देशात तरी वेगळं काय? २०१२ च्या जानेवारीत आयोवामध्ये रिपब्लिकन पक्षाची उमेदवार निवडीची पहिलीच सभा-फेरी. त्या रात्री मिट रॉम्नी ८ मतांनी पुढे, सगळीकडे त्यांचीच चर्चा. दोन आठवड्यांनी पक्की मोजणी आली, तर रिक सॅंटोरम ३४ मतांनी वर. पण त्या दोन आठवड्यांचा वारा कोण परत देणार?

आमच्या मते मात्र यापेक्षा गंभीर बाब निकालानंतरची आहे. मतपत्रिकांच्या काळात मोजणी रात्रभर, कधी दुसऱ्या दिवशीही चाले. लोक रेडिओला कान लावून बसत, वृत्तपत्राच्या कचेरीबाहेरच्या फळ्यावर खडूने आकडे चढत. तेव्हा नियमात एक सोय होती. जिथे मतदारांवर दडपणाची भीती असेल तिथे वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मोजता येत. २००४ पासून लोकसभेला देशभर यंत्रं आली आणि प्रत्येक केंद्राचा आकडा सुटा झाला. निकालाच्या दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पानावर 'कोणत्या गावाने कुणाला तारलं' हे छापणं सोपं झालं. फरक ८४१ चा असला की प्रत्येक गाव निर्णायक दाखवता येतं. हिशेब कुठूनही मांडा, जुळतोच! देऊळघाटसारख्या गावात, जिथे मुस्लिम वस्ती मोठी आहे, अशा मथळ्याचा रोख कुणाकडे वळतो हे सांगायला नको. पुढची पाच वर्षं रस्ता, नळ, घरकुल यांसाठी त्याच आमदाराच्या दारात जायचं असतं.

यावर उपाय सुचवला गेला होता. अनेक केंद्रांच्या यंत्रांची बेरीज एकदम करणारं 'टोटलायझर' नावाचं उपकरण. निवडणूक आयोगाने २००८ मध्ये प्रस्ताव दिला, विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात शिफारस केली. केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात विरोध केला. केंद्रनिहाय आकडे हवेत, म्हणजे कुठे काम कमी पडलं ते कळतं, असं एक म्हणणं होतं. तेव्हा बुलढाण्याचा केंद्रनिहाय तक्ता जसाच्या तसा राहिला, आणि त्यात देऊळघाटची केंद्रं एकेक करून वाचता येतात.