आम्ही चहा पिऊ या

दुधनीच्या एका आडत दुकानात तुरीचं वजन चाललं होतं. हमालांनी शेवटचं पोतं काट्यावरून उतरवलं, दिवाणजींनी वहीत आकडा टाकला आणि शेतकरी माझ्याकडे वळून म्हणाले, "चला, आम्ही चहा पिऊ या." मला वाटलं, त्यांची चार माणसं आहेत, ती चहाला निघाली. मी नमस्कार करून पायरी उतरू लागलो, तेवढ्यात मागून हाक आली, "कुठं चाललाव? आम्ही म्हटलं की ओ!" त्यांच्या 'आम्ही'त मीही होतो.

दुधनी हे अक्कलकोट तालुक्यातलं, कर्नाटकच्या हद्दीला लागलेलं गाव. इथे कितीतरी घरांत कन्नड, कचेरीत मराठी आणि बाजारात दोन्ही. कन्नडमध्ये 'नावु' हा एकच शब्द आहे. 'नावु बंदेवु' म्हणजे आम्ही आलो, आणि आपण आलो असंही. ऐकणारा त्यात धरलाय की नाही, हे प्रसंगावरून ओळखायचं. मराठीत मात्र समोरच्याला धरून 'आपण' आणि त्याला वगळून 'आम्ही'.

त्या दिवसांत मी प्राचीन ग्रीकचं व्याकरण वाचत होतो आणि नेमका सर्वनामांच्या तक्त्यापाशी आलो होतो. 'एगो' म्हणजे मी, 'हेमेइस' म्हणजे आम्ही, 'ह्युमेइस' म्हणजे तुम्ही. आपणसाठी वेगळा शब्द नाही, 'हेमेइस'वरच भागवायचं. म्हणजे या बाबतीत अथेन्सचे लोक दुधनीच्या त्या शेतकऱ्यासारखंच बोलत होते.

पण त्या तक्त्यात खरा आनंद दुसराच होता. 'हेमेइस' हे अथेन्सच्या बोलीतलं रूप. लेस्बॉस बेटावर, जिथे सॅफो ही कवयित्री होऊन गेली, तिथल्या बोलीत त्याचंच 'अम्मेस' होतं. आता आपल्याकडे बघा. वेदांत 'अस्मे', प्राकृतात 'अम्हे', मराठीत 'आम्ही'. मुळातल्या 'स्म'चा लेस्बॉसवर 'म्म' झाला, आपल्याकडे 'म्ह' झाला. 'तुम्ही'चंही तेच. तिकडे 'उम्मेस', इकडे संस्कृतात 'युष्मद्', प्राकृतात 'तुम्हे'. 'तू'च्या संगतीनं 'य'च्या जागी 'त' आला. आम्ही, तुम्ही हे शब्द दिवसातून शंभरदा तोंडात येतात, आणि त्यांची सख्खी भावंडं समुद्रापलीकडच्या एका बेटावर अडीच हजार वर्षांपूर्वी बोलली जात होती, हे कळल्यावर मी ती दोन्ही रूपं कितीतरी वेळ मोठ्यानं म्हणत बसलो.

'एगो'चा भाऊ संस्कृत 'अहम्'. पण मराठीच्या घरात तो राहिला नाही. आपलं 'मी' हे बहुतेक अभ्यासकांच्या मते 'मया'पासून, म्हणजे 'माझ्याकडून' अशा अर्थाच्या रूपापासून आलं. 'अहम्' जपला तो कोकणीतल्या 'हांव'नं आणि गुजरातीतल्या 'हुं'नं.

ग्रीकमध्ये पुढे वेगळीच अडचण उभी राहिली. उच्चार बदलत गेले आणि 'हेमेइस' नि 'ह्युमेइस' दोन्ही 'इमीस' असेच ऐकू येऊ लागले. आम्ही कोण आणि तुम्ही कोण, हे कानाला कळेना. मग बोलणाऱ्यांनी एकवचनाच्या रूपांचा आधार घेऊन नवी अनेकवचनं घडवली. आजचे ग्रीक 'एमीस' आणि 'एसीस' म्हणतात.

आता 'आपण'. हा शब्द 'आत्मन्'पासून, प्राकृतातल्या 'अप्पा', 'अप्पणो'वरून आलेला. मूळ अर्थ स्वतः. 'तो आपण होऊन आला' म्हणताना तो अर्थ अजून शाबूत आहे. त्याच 'स्वतः'चा 'तुम्ही-मी मिळून' असा अर्थ झाला, आणि आदरानं 'आपण कुठले?' असं विचारतानाही तोच शब्द. कन्नडमधल्या 'तावु'चाही प्रवास असाच: मुळात 'स्वतः', आणि आदरानं 'आपण'. शब्दाचं रक्त संस्कृतचं, वळण मात्र शेजाऱ्याशी जुळणारं. ऐकणाऱ्याला धरायचं की वगळायचं, हा भेद संस्कृतात नाही. तमिळ आणि तेलुगूत आहे. द्राविडी शेजारानंच तो मराठीत रुजला, असं भाषेचे अभ्यासक मानतात. जुन्या कन्नडमध्येही तो होता. वगळून 'आम्', धरून 'नाम्'. पुढे कन्नडनं तो सोडला, मराठीनं ठेवला. म्हणून त्या शेतकऱ्याच्या 'आम्ही'ला चुकीचं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

या भेदाशी ओळीओळीत गाठ पडली असणार ती पंडिता रमाबाईंची. दुधनीहून पुण्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरच केडगाव लागतं. तिथल्या मुक्ती सदनात संस्कृतच्या या पंडितेनं हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या. ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. देवाची प्रार्थना असेल तिथे 'हेमेइस'चं 'आम्ही' सहज होतं, कारण देव त्या 'आम्ही'त नसतो. पण मार्कच्या शुभवर्तमानातली वादळाची गोष्ट घ्या. होडीत पाणी भरतंय, येशू मागच्या बाजूला उशीवर झोपलाय, शिष्य त्याला उठवून म्हणतात की बुडतोय. ग्रीकमध्ये तिथे सर्वनामच नाही; 'अपोल्ल्युमेथा' हे एकच क्रियापद. त्यातला 'मेथा' हा संस्कृतातल्या आत्मनेपदी 'महि'चा सगा. रमाबाईंच्या कानाला तो परका वाटला नसेल. पण 'महि' काय नि 'मेथा' काय, येशू त्यात आला की नाही, हे दोन्ही सांगत नाहीत. मराठीत सर्वनाम घालायचं झालं, तर ठरवावंच लागतं. 'आम्ही बुडतोय' म्हटलं, तर शिष्यांना येशू त्या पाण्यापासून वेगळा, सुरक्षित वाटतोय. 'आपण बुडतोय' म्हटलं, तर तोही त्यांच्यासारखाच त्या होडीतला एक. केवढा फरक! ग्रीक वाचणाऱ्याला तो मोकळा ठेवता येतो, मराठीत लिहिणाऱ्याला नाही.

दुधनीला माझं अधूनमधून जाणं होतं. तिथे कुणी "आम्ही चहा पिऊ या" म्हटलं, की मी आता पायरी उतरत नाही, बसतो.