सुप्त क्षयाची पुनर्सक्रियता

सुप्त क्षयाची पुनर्सक्रियता : क्षयाचे जंतू शरीरात शिरल्यावर खोकला, ताप असे कोणतेही लक्षण न दाखवता महिनोन्‌महिने, क्वचित अनेक दशके दबून राहतात आणि शरीराची राखण ढिली पडताच वाढून प्रत्यक्ष रोग घडवतात. या घडामोडीला हे नाव आहे. ‘सुप्त’ हे विशेषण रूढ असले तरी ते फसवे आहे. जंतू झोपलेले नसतात, वेढलेले असतात; वेढा देणाऱ्या पेशी रोज पहाऱ्यावर असतात. म्हणून अलीकडे सरकारी कार्यक्रमात ‘सुप्त’ शब्द मागे पडून नुसते ‘टीबी संसर्ग’ म्हणण्याकडे कल आहे. नुसता संसर्ग असलेला माणूस रुग्ण नसतो, त्याच्यापासून दुसऱ्याला लागणही होत नाही.

रॉबर्ट कॉख याने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला. या जंतूचा स्वभाव संथ आहे. आतड्यातला इ. कोलाय सोयीच्या परिस्थितीत वीसेक मिनिटांत एकाचे दोन होतो. क्षयजंतूला त्यासाठी वीसेक तास लागतात. रुग्णाच्या खोकल्यातून हवेत तरंगणारे बारीक कण श्वासावाटे फुप्फुसाच्या टोकाच्या वायुकोशांत पोचतात. तिथल्या भक्षक पेशी जंतूंना गिळतात, पण पचवू शकत नाहीत. मग रक्तातून आणखी पेशी येतात, त्यांच्याभोवती टी-पेशींचे कडे पडते आणि एक बारीक गाठ तयार होते. गाठीच्या मध्यभागी पेशी मरून दह्याच्या चक्क्यासारखा पदार्थ उरतो. तिथे प्राणवायू कमी, अन्न कमी. अशा कोंडीत जंतू आपला जीवनक्रम बदलतो : ‘डॉस-आर’ या नियंत्रक जनुकाच्या हुकमाखालची पन्नासएक जनुके चालू होतात, विभाजन जवळजवळ थांबते आणि जंतू साठवलेल्या चरबीवर दिवस काढतो. परिस्थिती पालटली की जंतूंचीच काही प्रथिने पेशीभित्तिका सैल करून पुन्हा वाढीला वाट देतात.

गाठ टिकवून धरणाऱ्या रसायनांत टीएनएफ (ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर) हे मोठे. याचा पुरावा अनपेक्षित दिशेने मिळाला. संधिवातासाठी टीएनएफला रोखणारे इन्फ्लिक्सिमॅब हे औषध वापरात आल्यानंतर २००१ साली ते घेतलेल्या ७० रुग्णांतील क्षयाचा अहवाल प्रसिद्ध झाला. बहुतेकांना औषध सुरू केल्यावर काही महिन्यांतच रोग उद्भवला होता. पहारेकरी काढून घेतले तर आत काय होते, हे त्यातून उघड झाले. गाठ फुटली, चक्का पातळ झाला की जंतू श्वासनलिकेत उतरतात आणि फुप्फुसात पोकळी पडते. मोठ्या माणसांत हे बहुधा फुप्फुसाच्या वरच्या शेंड्याकडे होते, कारण पहिल्या लागणीच्या वेळी रक्तातून तिथे गेलेल्या जंतूंना तो भाग मानवतो. रक्तातूनच ते मणका, मूत्रपिंड, लसिकाग्रंथी अशा ठिकाणीही जाऊन बसलेले असतात. छातीचा फोटो स्वच्छ आणि पाठदुखी मात्र हटत नाही, असा मणक्याचा क्षय म्हणूनच उशिरा सापडतो. अमिताभ बच्चन यांनी स्वतःला झालेल्या मणक्याच्या क्षयाबद्दल जाहीरपणे सांगितले, तेव्हा ‘क्षय म्हणजे खोकला’ हे समीकरण अनेकांच्या डोक्यातून प्रथमच सुटले.

जगातल्या सुमारे चौथाई लोकांच्या शरीरात या लागणीची खूण आहे. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात भारतातल्या १५ वर्षांवरील लोकांत हे प्रमाण सुमारे ३१ टक्के आढळले. यांपैकी आयुष्यात कधीतरी रोग होणारे शेकडा ५ ते १०, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक पहिल्या दोन वर्षांत. दीर्घकाळ दबून राहिलेल्या जंतूचे उठणे हे खरे, पण विरळ. त्याचा ठोस पुरावा डेन्मार्कचा : १९६१ साली वडिलांना झालेल्या क्षयाचे जपून ठेवलेले जंतू आणि १९९४ साली मुलाला झालेल्या क्षयाचे जंतू यांचा डीएनए जुळला. तेहतीस वर्षे जंतू मुलाच्या शरीरात होता. उलट क्षयसंशोधक ललिता रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ व २०१९ साली जुन्या आकडेवारीची फेरतपासणी करून दाखवले की बहुतेक क्षय ताज्या लागणीतूनच होतो आणि चाचणी पॉझिटिव्ह असलेल्या पुष्कळांच्या शरीरात जिवंत जंतू उरलेलेच नसावेत.

रायगड जिल्ह्यातल्या पनवेलसारख्या दाट वस्तीच्या शहरात हा वाद पुस्तकी राहत नाही.  जुने बाजारपेठेचे गाव, खारघर-कामोठे-कळंबोलीच्या वसाहती, तळोज्याची औद्योगिक वसाहत, तिथलेच मध्यवर्ती कारागृह, हार्बर मार्गाची खच्चून भरलेली लोकल : माणसे इतकी दाटीने जगतात तिथे पन्नाशीत उद्भवलेला क्षय लहानपणीच्या लागणीचा की गेल्या वर्षीच्या डब्यातल्या लागणीचा, हे नुसत्या लक्षणांवरून ओळखता येत नाही. कोकणातल्या कित्येक घरांत गिरणीत काम करून खोकत गावी परतलेल्या आजोबांची आठवण असते. नातवाला मधुमेह होऊन त्याच्या छातीत ‘डाग’ निघाला की घरचे लगेच त्या आठवणीशी जोड घालतात. जोड कधी बरोबर असते, पण दाट लागणीच्या भागात आधी शेजारी, सहकारी आणि घरातला खोकणारा माणूस तपासावा, हेच शहाणपणाचे.

राखण ढिली करणाऱ्या कारणांत एचआयव्ही सर्वांत बलवान. उपचार न घेतलेल्या माणसात धोका आयुष्यभराचा नव्हे, वर्षाला सुमारे १० टक्के. आपल्याकडे संख्येने मोठी कारणे मात्र साधी आहेत : अपुरे अन्न, मधुमेह (धोका दुप्पट-तिप्पट), तंबाखूचा धूर, दारू, दगड-वाळूच्या धुळीने होणारा सिलिकोसिस, डायालिसिस, अवयवरोपण, कर्करोगावरची केमोथेरपी. खारघरला टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही कर्करोगसंस्था आहे. तिथे अस्थिमज्जारोपणासारख्या उपचारांआधी क्षयाचा विचार करावा लागतो तो याचमुळे. स्टिरॉइडांचेही तसेच. रोज १५ मिलिग्रॅम वा अधिक प्रेडनिसोलोन महिनाभर घेतले तर धोका वाढतो. पनवेलजवळ नेरे येथे कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे. कुष्ठाचा आणि क्षयाचा जंतू एकाच कुळातले. कुष्ठातल्या दाहक प्रतिक्रियेवर प्रेडनिसोलोन महिनोन्‌महिने द्यावे लागते, तेव्हा एका भावाचा त्रास शमवताना दुसऱ्याला वाट मिळू नये म्हणून आधी छाती तपासतात.

चरकसंहितेत राजयक्ष्म्याची म्हणजे क्षयाची चार कारणे दिली आहेत : साहस म्हणजे ताकदीबाहेरचे कष्ट, वेगसंधारण म्हणजे मलमूत्रादी वेग दाबून धरणे, धातुक्षय म्हणजे शरीराची झीज आणि विषमाशन म्हणजे अवेळी, अयोग्य खाणे. १८७२ पासून धूतपापेश्वरच्या आयुर्वेदिक औषधांनी ओळखल्या जाणाऱ्या पनवेलला ही यादी अपरिचित नाही. तिच्यात जंतू नाही, पण अंगमेहनत, झीज आणि आहार यांवर बोट अचूक पडले आहे. आहाराबाबत आधुनिक पुरावा झारखंडमधून आला : रुग्णांच्या घरच्यांना सहा महिने जादा शिधा दिल्यावर त्यांच्यात नव्याने होणारा क्षय ३९ टक्क्यांनी घटला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या या ‘रेशन्स’ प्रयोगात घरच्यांना दिलेली जादा मदत औषधाची नव्हती. होते ते तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या.

लागण ओळखण्यासाठी हाताच्या त्वचेत ट्यूबरक्युलिन टोचून ४८ ते ७२ तासांनी सूज मोजतात (मांटू चाचणी, १९०८) किंवा रक्ताची इग्रा चाचणी करतात. बीसीजी लस घेतलेल्यात मांटू फसवू शकते. बीसीजी लहान मुलांना मेंदूच्या व सर्वांगी क्षयापासून वाचवते, मोठेपणीच्या फुप्फुसक्षयावर तिचा भरवसा नाही. प्रतिबंधक उपचारात सहा महिने रोज आयसोनायझिड, किंवा आयसोनायझिड व रायफापेंटिन आठवड्यातून एकदा असे १२ डोस देतात. भारतात पूर्वी हे मुख्यतः रुग्णाच्या घरातली लहान मुले आणि एचआयव्हीबाधित यांनाच मिळे. २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी ते घरातल्या सर्वांपर्यंत नेले. सुरू करण्याआधी खोकला, ताप, वजनातली घट, रात्रीचा घाम यांची चौकशी हवीच, शक्य तिथे छातीचा फोटोही, कारण प्रत्यक्ष रोग असताना एकट्या आयसोनायझिडने औषधाला न जुमानणारे जंतू तेवढे उरतात. उपचार पुरा झाल्यावर चाचणी पुन्हा करत नाहीत. ती जंतू नव्हे, शरीराची आठवण मोजते, आणि ती आठवण जंतू संपल्यावरही बहुधा पॉझिटिव्हच राहते.